पाचवा सिलिंडर मिस मारतोय: इंजिन उघडण्याआधी काय बघायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. २०१८ ची बीएस-४ बारा चाकी गाडी, ५.९ लिटर, सहा सिलिंडर, कॉमन रेल (सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या पाइपातून डिझेल). साडेचार लाख किलोमीटर झालेत. कराडकडून साखर भरून जेएनपीटीला जाते, येताना खत नाहीतर लोखंड. महिनाभरापासून सकाळी स्टार्ट केली की पांढरा धूर, स्लो स्पीडला केबिन हलते, आणि परतीचा माल घेऊन खंबाटकी चढताना गाडी ओढत नाही. स्कॅनरने पाचव्या सिलिंडरचा मिसफायर दाखवला म्हणून पाचव्याचा इंजेक्टर नवा टाकला. दोन दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता वर्कशॉपवाले म्हणतात फुल इंजिन (क्रँक-बोअरसकट सगळं), गावचा मिस्त्री म्हणतो हाफ इंजिन (रिंगा, बेरिंगं, व्हॉल्व्हचं काम) करू. मालकाला तीन गोष्टी हव्या आहेत: आतून काही मोडलंय का, कारखान्याचा सीझन संपेपर्यंत गाडी ओढता येईल का, आणि हाफ की फुल.

प्रश्नाच्या शेवटी सहज जाता जाता लिहिलेली एक ओळ आहे. गेल्या पावसाळ्यात ओढ्याच्या पुलावर पाणी असताना गाडी घातली, मधेच बंद पडली, एअर फिल्टर ओला निघाला, तो वाळवून गाडी पुन्हा चालू केली. मी उत्तर लिहायला बसलो ते या ओळीमुळे. बाकीच्या लक्षणांवरून दहा कारणं निघतात. ही ओळ धरली तर एक कारण सगळ्यांच्या पुढे येतं. पण संशयावर हेड उतरवायचं नसतं, म्हणून क्रमाने जाऊ.

डिझेल इंजिनाला स्पार्क नसतो. हवा दाबून इतकी तापवायची की डिझेलचा फवारा पडला की पेट घेईल, एवढाच खेळ. त्यामुळे एखादा सिलिंडर मारत नसेल तर एकतर त्याला डिझेल नीट मिळत नाही, नाहीतर हवा पुरेशी दाबली जात नाही. तिसरं काही नसतं. व्हॉल्व्ह, रिंगा, हेड पॅकिंग, पुशरॉड, फिल्टर, वायरिंग, सगळं फिरून या दोनातच येऊन बसतं. गॅरेजमध्ये पैसे वाया जातात ते ही फाळणी न करता पार्ट बदलायला घेतल्यामुळे. इंजेक्टर बदलला, मग पंप काढला, मग सेन्सर, आणि शेवटी दमून इंजिन उतरवलं, असा प्रवास रोज कुठे ना कुठे चालू असतो.

तुमच्याकडे जी माहिती आहे तिच्यातच बरंच काही दडलंय. मिसफायरचा कोड पाचव्याचा, म्हणजे एसपीएन (ट्रकच्या स्कॅनरचा दोष-नंबर) १३२७ (काही स्कॅनर तोच पी ०३०५ म्हणून दाखवतात). पाचव्या इंजेक्टरच्या करंटचा कोड वेगळा असतो, एसपीएन ६५५, आणि तो तुम्हाला आलेला नाही. पहिला कोड सांगतो की पाचवा सिलिंडर क्रँकला ढकलत नाहीये. दुसरा आला असता तर वायर तुटली, कॉइल गेली किंवा कनेक्टर सैल झाला असं म्हणता आलं असतं. पहिला आहे आणि दुसरा नाही, याचा अर्थ ईसीयूचा, म्हणजे इंजिनाच्या कॉम्प्युटरचा, हुकूम इंजेक्टरपर्यंत पोचतोय. पण पहिला कोड वाचून 'इंजेक्टर गेला' असं म्हणणं चूक आहे. ईसीयूला सिलिंडरच्या आतलं काहीच दिसत नाही. सहा सिलिंडरमध्ये दर १२० अंशांना एक स्फोट होतो, आणि प्रत्येक स्फोटानंतर क्रँक किती झटक्याने पुढे गेला एवढंच तो सेन्सरवरून मोजतो. पाचव्याच्या पाळीला झटका कमी पडला की पाचवा मिस. का कमी पडला, ते त्याला माहीत नसतं.

स्कॅनरमध्ये सिलिंडर बॅलन्स किंवा फ्युएल करेक्शन नावाचं पान असतं, ते उघडून बघायला सांगा. स्लो स्पीडला इंजिन सारखं चालावं म्हणून ईसीयू कमजोर सिलिंडरला जास्त डिझेल देतो आणि तगड्याचं थोडं कापतो. पाचव्याचं करेक्शन वरच्या टोकाला जाऊन बसलं असेल तर तो सिलिंडर बराच कमजोर आहे. नवीन इंजेक्टर टाकल्यावर दोन दिवस बरं का वाटलं, याचंही उत्तर बहुधा इथेच आहे. नवीन नोजलचा फवारा बारीक पडतो, कमी तापलेल्या हवेतही तो लवकर पेटतो, म्हणून दुखणं थोडं झाकलं गेलं.

तरीही डिझेलची बाजू पूर्ण निकाली काढा, कारण तिला इंजिन उघडावं लागत नाही. नवीन इंजेक्टरच्या अंगावर कोरलेला कोड ईसीयूत भरला का, हे गॅरेजवाल्याला विचारा. बऱ्याच कॉमन रेल गाड्यांत तो भरावा लागतो आणि बरेच जण भरत नाहीत. इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर नवा घातला का, आणि जुना बुडाशी चिकटून राहिला नव्हता ना, हेही विचारा. दोन वॉशर एकावर एक बसले तर नोजल वर उचललं जातं आणि फवारा पिस्टनच्या वाटीत नीट पडत नाही. ज्या इंजिनात हेडच्या बाजूने कनेक्टर पाइप आत जाऊन इंजेक्टरला टेकतो, तिथे आवळण्याचा क्रम महत्त्वाचा: आधी इंजेक्टर हलका बसवायचा, मग कनेक्टर टेकवायचा, मग इंजेक्टर पूर्ण आवळायचा आणि शेवटी कनेक्टर. हा क्रम चुकला की टोक नीट बसत नाही, दाबाचं डिझेल थेट रिटर्नला पळतं आणि दोष नव्या इंजेक्टरच्या माथी येतो.

यानंतर अदलाबदल. पाचव्याचा इंजेक्टर दुसऱ्यात, दुसऱ्याचा पाचव्यात, कोडसुद्धा अदलाबदल करून. मिस दुसऱ्यावर गेला तर इंजेक्टर खराब. पाचव्यावरच राहिला तर दोष इंजिनात आहे, आणि त्यानंतर पंप, रेल, सेन्सर यांच्याकडे बघायचं कारण उरत नाही, कारण ते सहाही सिलिंडरना सारखंच डिझेल देतात. या परीक्षेला वॉशर सोडून काही लागत नाही, पण फार थोडे मिस्त्री करतात.

इथे एक इशारा द्यायलाच हवा. जुन्या इनलाइन पंपाच्या गाडीत चालू इंजिनावर एकेका नोजलचा नट सैल करून कुठला सिलिंडर मेलाय ते बघायची पद्धत होती, आणि हाताला तीच सवय असलेले जुने मिस्त्री अजून आहेत. कॉमन रेलवर हे कधीही करायचं नाही. स्लो स्पीडलासुद्धा रेलमध्ये शेकडो बार असतात, लोडवर १६०० च्या आसपास. केसाएवढ्या फटीतून निघालेली धार कातडीतून आत घुसते, बाहेरून टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते आणि पुढे बोट किंवा हात कापायची पाळी येते. सिलिंडर कापून बघायचा असेल तर स्कॅनरवरून कापा. एकेक सिलिंडर बंद केला की इंजिन अडखळायला हवं. पाचवा बंद केल्यावर काहीच फरक पडला नाही तर तो खरंच मेलेला आहे. थोडा फरक पडला तर अर्धवट मारतोय.

आता हवेची बाजू.

सगळ्यात स्वस्त परीक्षा कानाची. इंजेक्टरांची वायरिंग सोडा म्हणजे इंजिन चालू होणार नाही, आणि सेल्फ मारून दहा सेकंद ऐका. सहाही सिलिंडर सारखे असतील तर सेल्फचा आवाज एकसारखा येतो, प्रत्येक दाबाला सारखीच ओढ. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन कमी असेल तर दर सहाव्या ठोक्याला सेल्फ क्षणभर सुटल्यासारखा पळतो. घर्र, घर्र, घर्र, घर्र, घर्र, सुर्र. एकदा कानाला कळलं की आयुष्यभर कळतं. कानावर विश्वास नसेल तर बॅटरीच्या केबलला डीसी क्लॅम्प मीटर लावून करंट बघा, कमजोर सिलिंडरच्या पाळीला करंट कमी चढतो. साधा मीटर इतक्या झपाट्याने आकडे दाखवू शकत नाही, स्कोप असेल तर चित्र स्वच्छ दिसतं. नंतर वायरिंग जोडून कोड पुसून टाका.

मग कॉम्प्रेशन गेज. इंजेक्टर काढून त्या इंजिनाचा अ‍ॅडाप्टर बसवावा लागतो, इंजिन कोमट आणि बॅटऱ्या भरलेल्या हव्यात. मॅन्युअलमधला आकडा प्रमाण माना, पण धडधाकट इंजिनात साधारण २५ ते ३० बार मिळतात. मी स्वतः आकड्यापेक्षा फरकाकडे जास्त बघतो. सहाही सिलिंडर २३ वर असतील तर इंजिन म्हातारं आहे, पण आजारी नाही. पाच २८ वर आणि एक २३ वर, तर तो एक आजारी आहे. तीन-चार बारच्या वरचा फरक मी सोडत नाही.

पेट्रोल गाडीत कॉम्प्रेशन कमी आलं की थोडं ऑइल ओतून परत बघतात, वाढलं तर रिंगा. डिझेलला ही युक्ती लावू नका. ऑइल पिस्टनच्या वाटीत जाऊन बसतं, रिंगांपर्यंत पोचत नाही, आणि मोकळी जागा इतकी कमी असते की ऑइलमुळेच आकडा वाढलेला दिसतो. जरा जास्त पडलं तर सेल्फ मारताना कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारा दांडा) वाकायचा.

गेजने सांगितलं की कॉम्प्रेशन कमी आहे. पण हवा जाते कुठे? यासाठी लीक-डाउन करायचं, म्हणजे पाचवा सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टॉपवर आणून, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करून, इंजेक्टरच्या भोकातून कॉम्प्रेसरची हवा भरायची. गाडी गिअरमध्ये आणि ब्रेक लावलेली असू द्या, कारण हवा पिस्टनला ढकलते आणि फॅन अचानक फिरतो. हात आणि कपडे लांब. आणि मग इंजिनाभोवती फिरून ऐकायचं. एअर फिल्टरच्या पाइपात फुसफुस ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह. सायलेन्सरच्या तोंडाशी आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड पॅकिंग किंवा हेडला तडा. ऑइल ओतायच्या तोंडातून जोराचा वारा आला तर रिंगा, पिस्टन किंवा बोअर (सिलिंडरची आतली भिंत). थोडीशी फुस तिथून नव्या इंजिनातही येते, म्हणून शेजारच्या चौथ्या सिलिंडरवर हीच परीक्षा करून तुलना करा, नाहीतर चांगल्या रिंगाही बदलल्या जातील.

व्हॉल्व्हकडे बोट दाखवलं गेलं तर हेड उतरवण्याआधी टॅपेट कव्हर काढा. कमिन्सच्या बी सिरीजमध्ये (त्यांचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन याच घराण्यातलं) थंड इंजिनावर इनलेटला ०.२५ मिमी आणि एक्झॉस्टला ०.५१ मिमी क्लिअरन्स असतो. तिथे फीलर गेज शिरतच नसेल तर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाहीये. खूपच ढिला असेल तर पुशरॉड वाकलाय, रॉकर झिजलाय किंवा कॅमचा उंचवटा खाल्ला गेलाय. नुसत्या टॅपेट सेटिंगवर गाडी सुटली असं होतं, रोज नाही, पण होतं.

आता त्या ओढ्याच्या पाण्याकडे येऊ. समजा गेजवर पाचवा चार-पाच बार कमी दिसला, आणि लीक-डाउनमध्ये मात्र हवा कुठूनच जात नाहीये, चौथ्याइतकाच पाचवाही घट्ट. मिस्त्री इथे गोंधळतात, गेज खराब आहे म्हणतात. गेज खराब नसतं. हवा गळत नाही, टॅपेट-कॅमही ठीक आहेत आणि तरी दाब होत नाही, म्हणजे पिस्टन वर पूर्ण पोचत नाहीये. म्हणजे कनेक्टिंग रॉड वाकलेला आहे.

आकडे बघा. १०२ मिमी बोअर आणि १२० मिमी स्ट्रोक, म्हणजे एका सिलिंडरचं पोट जवळपास ९८० मिली. कॉम्प्रेशन रेशो १७ धरला तर पिस्टन टॉपला आल्यावर वर उरते ती जागा ६१ मिली, टपरीवरच्या कटिंग चहाच्या ग्लासाएवढी. फिल्टरमधून याच्यापेक्षा जास्त पाणी एका सिलिंडरमध्ये शिरलं की पिस्टनला वर जायला जागाच राहत नाही. पाणी दबत नाही. बाकीचे पाच सिलिंडर आणि फ्लायव्हीलचं वजन मात्र क्रँकला ढकलत असतं, आणि सगळ्यांत आधी नमतो तो रॉड. 'मधेच बंद पडली' असं तुम्ही लिहिलंय, त्याचा अर्थ मला हाच लागतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैत शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं, त्यानंतर आमच्या भागातल्या गॅरेजांना अशा गाड्यांची ओळख चांगलीच झाली. पाण्यातून निघून आरामात चालू लागलेल्या गाड्या, आणि काही महिन्यांनी एका सिलिंडरची तक्रार.

रॉड वाकून पिस्टन फक्त १ मिमी खाली राहिला तरी काय होतं? वरची मोकळी जागा उंचीत मोजली तर साडेसात मिमीच्या ठिकाणी साडेआठ होते, आणि रेशो १७ वरून १५ वर येतो. गेजवर २८ बारच्या जागी २४ च्या आसपास दिसतं. गरम इंजिनाला हे चालून जातं, थंड इंजिनाला चालत नाही. म्हणून सकाळी पांढरा धूर आणि तासाभराने बरं. तुमचा धूर डोळ्यांना झोंबतो का, कच्च्या डिझेलचा वास येतो का, हे नीट बघा. तसं असेल तर ते न जळलेलं डिझेल. गोडसर वास येत असेल, धूर गरम इंजिनावरही टिकत असेल आणि रेडिएटरचं कुलंट कमी होत असेल तर गोष्ट वेगळी, मग हेड पॅकिंग बघा.

आणि लगेच का नाही, इतक्या महिन्यांनी का? कारण वाकलेला रॉड पिस्टनला तिरका धरतो. रिंगा बोअरवर सपाट बसत नाहीत, पिस्टनचा घेर एका बाजूला घासतो, बिग एंडचं, म्हणजे रॉडच्या क्रँककडच्या टोकाचं, बेरिंग कडेला खाल्लं जातं. पहिले काही महिने ईसीयू जास्त डिझेल देऊन सगळं झाकत राहतो. झीज एका हद्दीपलीकडे गेली की झाकणं संपतं आणि तुम्हाला मिस ऐकू येतो. अशा वेळी लीक-डाउनही मग पूर्ण स्वच्छ येत नाही, रिंगांतूनही थोडी हवा जाते. त्यामुळे ब्रीदरमधून बॅक कॉम्प्रेशन (रिंगांतून खाली निसटलेली हवा) येतं म्हणून 'रिंगा गेल्या, हाफ इंजिन' असं निदान झालं तर ते अर्धं खरं असेल. रिंगा गेल्या असतील. पण त्या कशाने गेल्या हे न बघता नव्या टाकल्या तर त्याही जातील.

हेड न उतरवता खात्री करायचे दोन मार्ग आहेत. इंजेक्टर हेडमध्ये उभा आणि मधोमध असेल तर त्याच्या भोकातून लांब काडीचा डायल गेज सोडून प्रत्येक पिस्टन टॉपला कुठे येतो ते मोजता येतं. सहा आकडे लिहा. पाच जवळजवळ सारखे आणि पाचवा सिलिंडर अर्धा-एक मिमी खाली, तर वाद संपला. दुसरा मार्ग बारीक कॅमेऱ्याचा. पिस्टन खाली नेऊन बोअरचा वरचा काठ बघा. तिथे कार्बनचा काळा पट्टा असतो, रिंगा जिथपर्यंत पोचतात त्याच्या वरचा. ज्या सिलिंडरचा रॉड आखूड झालाय त्याचा पट्टा बाकीच्यांपेक्षा रुंद दिसतो. त्याच कॅमेऱ्याने बोअरवर उभे ओरखडे आहेत का, पिस्टनच्या डोक्यावर व्हॉल्व्हचे ठसे आहेत का, वाटीचा काठ वितळल्यासारखा दिसतो का, हेही बघून घ्या. वितळलेला काठ असेल तर संशय पुन्हा जुन्या इंजेक्टरवर येतो. थेंब थेंब गळणारं नोजल पिस्टन जाळतं आणि बोअरवरचं ऑइल धुऊन टाकतं. जुना इंजेक्टर भंगारात दिला नसेल तर बेंचवर लावून बघा, नव्याचे पैसे आधीच गेलेत, निदान जुन्याची साक्ष तरी घ्या.

दुसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे गाडी ओढता येईल का याचं उत्तर ऑइल फिल्टरमध्ये आहे. उद्याच फिल्टर काढा. हॅकसॉने कापू नका, त्याचाच लोखंडी भुसा आत पडतो आणि निदान फसतं. फिल्टर कटर नाहीतर पत्रा कापायची कात्री वापरा. आतला कागद सोडवून पसरा, पांढऱ्या ट्रेमध्ये स्वच्छ डिझेलने धुवा आणि उन्हात नेऊन बघा. मैद्यासारखा काळा गाळ सगळ्यांकडे असतो, त्याचं काही नाही. चुंबक फिरवा. चुंबकाला चिकटणारे बारीक कण म्हणजे लोखंड: रिंगा, बोअर, कॅम. न चिकटणाऱ्या चकचकीत पांढऱ्या चकत्या म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, पिस्टन. करड्या पापुद्र्यांच्या एका बाजूला तांबूस झाक दिसली तर बेरिंगचा वरचा थर जाऊन खालचा उघडा पडलाय. हे पापुद्रे दिसले तर गाडी तिथेच उभी करा. एकही खेप नको. साखर दुसऱ्या गाडीत चढवा.

फिल्टर स्वच्छ निघाला तर आणखी तीन गोष्टी बघा. ऑइलची पातळी वाढलीय का? मेलेल्या सिलिंडरचं न जळलेलं डिझेल बोअरवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवरचा थेंब दोन बोटांत चोळला तर पाण्यासारखा पातळ लागतो, नाकाजवळ नेला तर डिझेल. असं ऑइल बेरिंग वाचवू शकत नाही, ते ताबडतोब बदला. गरम इंजिनावर स्लो स्पीडला ऑइल प्रेशर बघा, बी सिरीजमध्ये ०.७ बारच्या खाली जाऊ नये आणि पूर्ण स्पीडला दोन बारच्या वर असावं. आणि ठोका येतो का ते ऐका. लांब स्क्रू ड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक ब्लॉकला लावून पाचव्याच्या खाली ऐकायचं, मग स्कॅनरवरून पाचवा कापायचा. ठोका कमी झाला तर तो बिग एंडचा किंवा पिस्टन पिनचा, कारण स्फोटाचा भार गेला. तसाच राहिला तर वरच्या टॅपेटचा किंवा गिअरचा. ठोका दाबायला जाड ऑइल किंवा बाटलीतलं औषध घालायचा सल्ला कोणी देईलच. त्याने आवाज झाकला जातो, बेरिंग भरून येत नाही.

हे सगळं स्वच्छ असेल तरी माझं मत सीझनभर ओढू नका असंच आहे. साधी रिंगांची झीज असती तर मी म्हटलं असतं, लोड कमी ठेवा, ऑइल लवकर बदला, काढा सीझन. वाकलेल्या रॉडचं तसं नसतं. तो किती दिवस टिकेल हे कोणी सांगू शकत नाही, आणि तुटतो तेव्हा ब्लॉक फोडून बाहेर येतो. आज जे काम एका रॉडचं आणि एका पिस्टनचं आहे ते त्या दिवशी ब्लॉक, क्रँक आणि कॅमचं होतं. वर न जळलेलं डिझेल सायलेन्सरमधल्या एससीआरवर (धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागावर) जाऊन बसतंय ते वेगळंच. ज्यांच्याकडे बीएस-६ गाडी आहे त्यांनी तर मिस मारत असताना गाडी अजिबात ओढू नये. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) तापून खराब झाला तर तो खर्च इंजिनाच्या खर्चालाही मागे टाकेल.

हाफ की फुल, हे इंजिन उघडून मापं घेतल्यावर ठरवायचं, आधी नाही. क्रम असा सांगा: हेड उतरवा, चेंबर (इंजिनाखालचं ऑइलचं भांडं) काढा, पाचवा पिस्टन रॉडसकट बाहेर घ्या. बिग एंडच्या बेरिंगचे दोन्ही अर्धे बघा. झीज आडवी सगळीकडे सारखी असेल तर ठीक. वरच्या अर्ध्याला एका कडेला आणि खालच्या अर्ध्याला समोरच्या कडेला जास्त चमक असेल तर रॉड तिरका होता, यापेक्षा मोठा पुरावा नको. पिस्टनच्या खालच्या काठाला क्रँकच्या वजनाचा घासा लागलाय का तेही बघा, रॉड फार आखूड झाला की तसं होतं. पिस्टनच्या पोटावर ऑइलचा फवारा मारणारं नोजल जागेवर आणि सरळ आहे ना, हे तपासायला विसरू नका. ते वाकलं की तोच एक पिस्टन तापून घासतो, आणि लक्षणं जवळपास अशीच येतात.

मग बोअर डायल गेजने बोअर तीन उंचीवर आणि दोन दिशांना मोजा, क्रँकचा पाचवा जर्नल (रॉड बसतो तो गोल भाग) मायक्रोमीटरने मोजा. दोन्ही मापात असतील तर पाचव्याचा रॉड, पिस्टन, सगळ्यांच्या रिंगा, सगळ्यांची बेरिंगं आणि हेडचं व्हॉल्व्हकाम एवढ्यात भागतं. तुमचा मिस्त्री ज्याला हाफ इंजिन म्हणतो ते जवळपास हेच, फक्त त्यात रॉड धरलेला नसतो. जर्नलवर नखाला अडकेल असा ओरखडा असेल तर क्रँक ग्राइंड करायला बाहेर काढावाच लागतो. बोअर मापाबाहेर असेल तर इंजिनाप्रमाणे बघा. बी सिरीजच्या ब्लॉकला मुळात लाइनरच (बोअरमधली बदलता येणारी नळी) नसतो, त्यामुळे बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन किंवा त्या एका बोअरमध्ये स्लीव्ह, असे पर्याय राहतात. लाइनरवाल्या इंजिनात नवा लाइनर टाकून मोकळे. पाचव्यासाठी सहाही बोअर ओव्हरसाइज करायची गरज क्वचितच असते, साडेचार लाखांवर बाकीचे पाच चांगले असू शकतात. फुल इंजिन मी तेव्हाच म्हणेन जेव्हा क्रँक आणि दोन-तीन बोअर दोन्ही बाहेर गेलेले असतील.

वाकलेला रॉड प्रेसवर सरळ करून देतो म्हणणारे भेटतील. घेऊ नका, नवाच टाका आणि बोल्टही नवे. नव्या कॉमन रेल इंजिनांत रॉडचं डोकं मुद्दाम तोडून दोन तुकडे केलेले असतात, तुटलेल्या खडबडीत जागा एकमेकांत बसतात. त्यामुळे एका रॉडची कॅप दुसऱ्याला कधीच लावायची नाही, आणि त्या तुटलेल्या तोंडावर पंच मारून नंबरही टाकायचा नाही. बाकीचे पाच रॉडसुद्धा मशिन शॉपला पाठवा. पाणी एकाच सिलिंडरमध्ये गेलं असेल असं नाही, आणि थोडा वाकलेला दुसरा रॉड आज गेजवर दिसणार नाही. प्रत्येक रॉडचं वाकणं आणि पिळणं मिलिमीटरमध्ये कागदावर लिहून मागा. 'चेक केलंय शेठ, सगळे सरळ आहेत' एवढ्यावर इंजिन बंद करू देऊ नका.